वर्गाच्या मागून चालणाऱ्या वसुधाताई

वसुधाताई केस्लर वर्गाच्या पुढे कधीच चालल्या नाहीत. एरवी मुलांना घेऊन बाहेर पडलेला शिक्षक मिरवणुकीत झेंडा धरल्यासारखा पुढे असतो. ह्या मात्र सगळ्यात शेवटी. खांद्याला कापडी पिशवी, पायात जाड तळाचे तपकिरी बूट, हातात अर्धवट खाल्लेलं सफरचंद आणि नजर पुढच्या पोरांच्या पाठींवर. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, "पुढं चालणाऱ्याला रस्ता दिसतो, मागं चालणाऱ्याला माणसं दिसतात. रस्त्याचं काय, पाट्या लावून ठेवल्यात की सरकारनं."

केस्लर हे सासरचं नाव. माहेर मिरजेचं. तरुणपणी शिकायला म्हणून त्या जर्मनीत कार्ल्सरूहेला आल्या, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या डीटरशी त्यांनी लग्न केलं आणि इथल्याच झाल्या. माझी मुलगी ईशा ज्या गिम्नाझियममध्ये, म्हणजे इथल्या माध्यमिक शाळेत, होती, तिथे त्या इंग्रजी आणि इतिहास शिकवत. मुलांच्या त्या फ्राऊ केस्लर, आम्हा गावातल्या मराठी मंडळींच्या वसुधाताई. इतक्या वर्षांनंतरही त्यांची मराठी जशीच्या तशी होती. वाक्याच्या सुरुवातीला एखादं जर्मन 'आल्झो', म्हणजे 'तर मग', यायचं, शेवटी कधी 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', पण मधलं सगळं मिरजेचं.

आमची पहिली भेट शाळेच्या पालकसभेत झाली. काही वर्षं इथे काढूनही तेव्हा माझं जर्मन इतकं कच्चं होतं की मी मुद्दाम मागच्या बाकावर बसले होते. खिडकीजवळच्या एक बाई तावातावाने काहीतरी बोलत होत्या आणि मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. कोणीतरी शेजारी येऊन बसलं आणि कानाशी मराठीत म्हणालं, "नाही कळलं तरी चालेल गं. त्या दर वर्षी हीटिंगबद्दलच बोलतात."

त्यांचा धाकही वाटायचा. गणपतीच्या कार्यक्रमात कोणी उशिरा आलं की सगळ्यांदेखत घड्याळाकडे बघायच्या. कोणाची मदत घेणं त्यांना जमत नसे. जड पिशवी घ्यायला हात पुढे केला तर "मला हात आहेत" असं तुटक उत्तर मिळायचं. मिलिंद, माझा नवरा, म्हणायचा, "ह्यांच्यासमोर चहा पितानासुद्धा परीक्षा देतोय असं वाटतं." पण मुलं त्यांच्यावर जीव टाकायची. ते असं का, हे मला २०१६च्या शरदात कळलं.

दर दोन वर्षांनी त्या वरच्या वर्गातल्या वीसेक मुलांना अमेरिकेला न्यायच्या. बॉस्टन, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन. सगळी जुनी, इतिहासातली शहरं. न्यूयॉर्क नाही का, असं मुलं दर वेळी विचारत. "उंच इमारती बघायला मान लागते, इतिहास बघायला पाय लागतात. मान तुम्ही नंतर तुमच्या पैशानं मोडून घ्या," हे उत्तर ठरलेलं. त्या वर्षी ईशा जाणार होती. बरोबर जाणाऱ्या दोन शिक्षकांपैकी एक बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, म्हणून पालकांमधून एक बाई हवी होती. वसुधाताईंनी मला विचारलं नाही, सांगितलं. "अंजली, तू येतीयस."

तयारी झाली, विमानाची तिकिटं निघाली, आणि शिरीनचं प्रकरण उभं राहिलं.

शिरीन कार्ल्सरूहेत जन्मलेली, जर्मन पासपोर्टची, वर्गातली सगळ्यात जास्त वाचणारी मुलगी. पण वडील इराणचे, म्हणून इराणच्या कायद्याने तीही इराणचीच. त्या वर्षी अमेरिकेचे नियम बदलले होते. बाकीच्या मुलांना घरबसल्या कॉम्प्युटरवर परवानगी मिळाली. तिला मात्र फ्रांकफुर्टच्या वकिलातीत जाऊन, मुलाखत देऊन व्हिसा घ्यावा लागणार होता. तो वेळेत मिळेल की नाही, मुळात मिळेल तरी का, कोणी सांगू शकत नव्हतं. पालकांची तातडीची सभा बोलावली गेली. मुख्याध्यापक भला माणूस होता. तो हळहळत म्हणाला, की वाईट वाटतं, पण एका मुलीसाठी बाकीच्यांचा प्रवास धोक्यात घालता येणार नाही. एक वडील म्हणाले, तिला पुढच्या वेळी पाठवू. शिरीनचे वडील टॅक्सी चालवायचे. ते दाराजवळच्या खुर्चीत हातातली टोपी फिरवत खाली मान घालून बसले होते.

वसुधाताई उठल्या. आवाज चढवला नाही. जर्मनमध्ये म्हणाल्या, "मी या मुलांना फिलाडेल्फियातली एक खोली दाखवायला नेते आहे. सगळी माणसं समान जन्माला येतात, हे वाक्य त्या खोलीत मंजूर झालं. ती खोली बघायला जाताना एकीला दाराबाहेर ठेवून जायचं असेल, तर मी मुलांना तिथे काय दाखवू? भिंतींचा रंग?" मग खाली बसताना माझ्याकडे वळून मराठीत पुटपुटल्या, "गेले तर सगळ्यांना घेऊन जाईन. नाहीतर बसतील घरी टीव्ही बघत."

शिरीनला घेऊन फ्रांकफुर्टला त्याच गेल्या. वडिलांना भीती वाटत होती की आपण बरोबर दिसलो तर मुलीचं उलट बिघडेल. आत फक्त शिरीनला सोडलं. वसुधाताई समोरच्या बसथांब्यावर थांबल्या. तिला सोडताना काय सांगितलं, ते शिरीनने मला पुढे विमानात सांगितलं: "विचारतील तेवढंच सांग. जास्त नाही, कमी नाही. आणि 'प्लीज' एकदाच म्हणायचं. दुसऱ्यांदा म्हटलं की ती भीक होते." निघायच्या आठवड्यात व्हिसा आला. शिरीनच्या वडिलांनी शाळेत पिस्त्याच्या मिठाईचा मोठा डबा पाठवला. वसुधाताईंनी तो स्टाफरूममध्ये मुख्याध्यापकांसमोर उघडला आणि पहिला तुकडा त्यांना दिला.

बॉस्टनच्या विमानतळावर शिरीनला पुन्हा अडवून बाजूच्या बाकावर बसवलं. वसुधाताई जाऊन तिच्या शेजारी बसल्या. अधिकारी म्हणाला, "मॅडम, तुमचं झालेलं आहे, तुम्ही जाऊ शकता."

"माझं झालेलं नाही," वसुधाताई म्हणाल्या. "ही माझी विद्यार्थिनी आहे."

तो खांदे उडवून आत गेला. आम्ही पलीकडे सामानापाशी वाट बघत होतो. दोघी बाहेर आल्या तेव्हा वसुधाताई तक्रार करत होत्या, की इथे साधं सफरचंदसुद्धा बाहेरून आणू देत नाहीत, आणि शिरीन हसत होती.

बॉस्टनमध्ये फुटपाथवर लाल विटांची एक रेघ आहे. ती धरून चालत राहिलं की जुनी सभागृहं, चर्च, दफनभूमी, सगळं एकापाठोपाठ येतं. मुलं पुढे, मी मध्ये, तरुण क्रीडाशिक्षक ब्रांट सर मुलांच्या घोळक्यात आणि वसुधाताई शेवटी. त्यांची पद्धत अशी, की प्रत्येक जागा एकेका मुलाने दाखवायची. फोनमध्ये बघून वाचायचं नाही. जे अंगात मुरलंय ते सांगायचं. आणि बोलायच्या आधी सगळ्यांनी थोडा वेळ नुसतं बघत उभं राहायचं. "आल्झो, नीट बघितलेलं अंगी लागतं," त्या म्हणायच्या, "घाईत बघितलेलं बाधतं."

दुसऱ्या दिवशी पाऊस पडून गेला होता. उताराच्या एका जुन्या गल्लीत विटांवर ओली पानं पसरली होती. मागून काहीतरी आपटल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर वसुधाताई रस्त्यावर बसलेल्या, चेहरा पांढराफटक, एक पाऊल भलत्याच दिशेला. मुलं धावली. काही मुली रडायला लागल्या. वसुधाताई दात आवळून म्हणाल्या, "रडायचं काय त्यात? रस्ता मोकळा करा, गाड्या अडल्यात."

घोटा मोडला होता. डॉक्टरांनी पायाला जाड पट्ट्यांचा बूट चढवला, पाय टेकायचा नाही म्हणून बजावलं आणि घरी परतायचा सल्ला दिला. कार्ल्सरूहेहून मुख्याध्यापकांचा फोन आला, त्यांचंही तेच मत. ब्रांट सर नवखे, मी तर शिक्षिकाही नाही. आम्ही दोघं गुपचूप परतीच्या विमानांची चौकशी करायला लागलो होतो. वसुधाताईंनी आम्हाला खाटेपाशी बोलावलं. "पाय मोडलाय, डोकं नाही," त्या म्हणाल्या. "चाकाची खुर्ची भाड्यानं मिळते इथं. जा, आणा."

खुर्ची आली आणि वेगळाच प्रश्न उभा राहिला. त्यांना शेवटी ठेवलं की मुलं पुढे निघून जायची आणि खुर्ची मागे एकटी पडायची. शेवटी लुकास नावाचा हँडबॉल खेळणारा आडदांड मुलगा म्हणाला, "फ्राऊ केस्लर पुढे. म्हणजे कोणालाच घाई करता येणार नाही." त्याने खुर्चीच्या दांड्या धरल्या आणि त्यांना सरळ रांगेच्या पुढे नेऊन ठेवलं.

पहिला दिवस फार वाईट गेला. मदत नको असणाऱ्या बाईला आता प्रत्येक पायरीला, प्रत्येक दाराला, संडासालासुद्धा दुसऱ्याचा हात लागत होता. त्या सगळ्यांवर खेकसत होत्या. खुर्चीला धक्का बसला म्हणून लुकासला इतकं बोलल्या की तो कान लाल करून उभा राहिला. संध्याकाळी मी त्यांचे केस विंचरून देत होते, तेव्हा त्या आरशात न बघता म्हणाल्या, "आयुष्यात पहिल्यांदा वर्गाकडं पाठ केलीय बघ. मागं काय चाललंय, कळतच नाही."

"मागे शिरीन चालते," मी म्हटलं.

"कुणी सांगितलं तिला?"

"कोणीच नाही. तुम्ही पडल्यापासून तीच शेवटी असते. सगळे रस्ता ओलांडून गेल्याशिवाय ती पाऊल टाकत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी लुकासला बोलावून सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली, आणि त्या दिवसापासून आपली पिशवी दुसऱ्याच्या खांद्यावर देऊ लागल्या.

फिलाडेल्फियात ती प्रसिद्ध खोली बघून आम्ही बाहेर आलो. समोरच, चौकाच्या कडेला, एका घराचा नुसता पाया जपून ठेवलेला आहे. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष तिथे राहायचे, आणि त्यांच्या घरी राबणारे गुलामही तिथेच. त्या गुलामांची नावं भिंतीवर कोरलेली आहेत. ही जागा ईशाच्या वाट्याला आली होती. ती सांगायला लागली. त्यांच्यातली एक तरुण मुलगी, मालकीणबाईंचे केस विंचरणारी, कपडे सांभाळणारी. एके दिवशी घरची मंडळी जेवायला बसलेली असताना ती दारातून बाहेर पडली आणि बंदरावर जाऊन जहाजात बसली. मालकाने माणसं पाठवली, पण ती परत आली नाही. पुढे हयातभर गरिबीत राहिली. म्हातारपणी तिला कोणीतरी विचारलं, की त्या मोठ्या घरातलं सुख सोडल्याचा पश्चात्ताप होतो का...

इथे ईशा थांबली. तिने मान खाली घातली. मुलं चुळबुळ करायला लागली. मी पुढे होऊन तिच्या पाठीवर हात ठेवणार, तोच वसुधाताईंनी खुर्चीतून माझं मनगट धरलं. हळूच म्हणाल्या, "थांब. गप्प बसू दे तिला. ती जागा तिची आहे."

मग ईशाने मान वर केली आणि म्हणाली, "ती 'नाही' म्हणाली. मी स्वतंत्र आहे, म्हणाली."

मग वाद सुरू झाला. लुकास म्हणाला, पण तो माणूस मोठाच होता ना, त्याने देश उभा केला. शिरीन म्हणाली, मग आत्ता त्या खोलीत आपण कोणाचं कौतुक करून आलो? दोन तट पडले, आवाज वाढले, येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. सगळ्यांनी निवाड्यासाठी वसुधाताईंकडे बघितलं.

"आमच्या मिरजेच्या घरी नळ नव्हता," त्या म्हणाल्या. "आडावरनं पाणी आणायचं. एकाच हातात बादली घेतली की माणूस वाकडा चालतो. दोन्ही हातांत घेतल्या की ओझं दुप्पट, पण चाल सरळ. तुम्ही दोघंही खरं बोलताय. दोन्ही बादल्या उचला आणि चला, भुका लागल्यात." हे सगळं त्या अस्खलित जर्मनमध्ये बोलल्या, 'आड' या शब्दाला मात्र जर्मन प्रतिशब्द न शोधता त्यांनी हातानेच रहाट ओढून दाखवला.

शेवटचा मुक्काम वॉशिंग्टन. गुलामी संपवणाऱ्या राष्ट्राध्यक्षांच्या तिथल्या मोठ्या स्मारकाच्या उंच पायऱ्यांखाली खुर्ची थांबली. लुकास आणि त्याचे मित्र म्हणाले, आम्ही खुर्चीसकट उचलून नेतो. "मी काय पालखी आहे?" म्हणून त्यांनी ते उडवून लावलं. "तुम्ही वर जा. बघा. आणि खाली येऊन प्रत्येकानं मला एक गोष्ट सांगा. दुसऱ्यानं सांगितलेली चालणार नाही."

मुलं वर गेली ती बराच वेळ आलीच नाहीत. खालून दिसत होतं, की प्रत्येकजण वेगवेगळ्या कोपऱ्यात उभा राहून काहीतरी निरखतोय. मग एकेक करून खाली यायला लागली. कोणी सांगितलं, पुतळ्याची एक मूठ वळलेली आहे आणि एक हात सैल आहे. कोणी सांगितलं, एक आजोबा नातवाला भिंतीवरची अक्षरं जोडून वाचायला शिकवतायत. ब्रांट सरांनाही सांगावं लागलं. ते म्हणाले, वरून तुम्ही फार लहान दिसता, आणि मला ते आवडलं नाही. शिरीन शेवटी आली. ती म्हणाली, "मी वरून सगळ्यांना मोजलं. सगळे होते."

वसुधाताईंनी चष्मा काढून शालीच्या टोकाने पुसला. नंतर मला म्हणाल्या, "इतक्यांदा त्या पायऱ्या चढून गेलेय मी. एवढं कधी दिसलं नव्हतं गं."

पुढच्या उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या. घोटा बरा झाला, पण किंचित लंगडणं राहिलं. त्यानंतर दीडेक वर्षाने, भर हिवाळ्यात, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. डीटरचा आम्हाला फोन आला. "ती बोलतेय," तो म्हणाला, "पण मला काही कळत नाहीये. कोणालाच कळत नाहीये. तुम्ही येता का?"

त्यांचं जर्मन पुसलं गेलं होतं. इंग्रजीही. उरली होती ती मराठी, जड जिभेची, तुटक, पण मिरजेची. डॉक्टर म्हणाले, असं कधी कधी होतं, परत येईलही. जर्मन कानावर पडलं की त्यांचा चेहरा कोरा व्हायचा. आणि चाळीस वर्षांच्या संसारात डीटर मराठी शिकला नव्हता. खरं तर त्यांनीच शिकवली नव्हती. मला एकदा म्हणाल्या होत्या, "एक तरी खोली अशी हवी ना, जिथं मला एकटीला बसता येईल." आता त्या खोलीचं दार बाहेरून उघडत नव्हतं.

मी नोकरीमुळे रोज जाऊ शकत नव्हते. ईशा तेव्हा कार्ल्सरूहेच्याच विद्यापीठात शिकत होती. ती रोज दुपारी ट्रॅमने जायला लागली. तिची गंमत अशी, की तिला मराठी सगळी कळते, पण लहानपणापासून ती उत्तर जर्मनमध्येच देते. मी त्यावरून पुष्कळ चिडचिड केली होती. आता मराठी ऐकून जर्मन बोलणारं माणूसच तिथे हवं होतं. वसुधाताई म्हणायच्या, "त्याला विचार, जेवला का," आणि ईशा डीटरला विचारायची. "त्याला म्हणावं, दाढी कर. भुतासारखा दिसतोय," आणि डीटर दुसऱ्या दिवशी दाढी करून यायचा.

पण उत्तर परत न्यायचं तर ईशाला मराठीत बोलणं भागच होतं. एका रविवारी मी तिथे होते. वसुधाताई बेचैन होत्या, एकसारख्या दाराकडे बघत होत्या. डीटरने त्यांचा डावा हात हातात घेतला आणि ईशाला म्हणाला, "तिला सांग, मी इथे आहे. मी कुठेही जाणार नाही."

ईशाने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडणार होते, पण उघडलं नाही.

"ते... ते इथे आहे," ईशा अडखळत म्हणाली. "ते कुठे नाही जातो."

वसुधाताईंनी डोळे बारीक केले. कपाळावर जुनी आठी उमटली. "ते... आहेत," त्या एकेक शब्द ओढून काढत म्हणाल्या. "जातो... नव्हे. जाणार नाहीत. परत म्हण."

"ते इथे आहेत. ते कुठेही जाणार नाहीत."

त्यांनी मान डोलावली, आणि मग कुठे डीटरकडे बघितलं.

जर्मन परत आलंच नाही. वसंतात दुसरा झटका आला आणि त्या गेल्या. अंत्यविधीला स्मशानभूमीतला हॉल पुरला नाही. कितीतरी वर्षांचे विद्यार्थी बाहेर झाडांखाली उभे होते. शिरीन हॅनोव्हरहून आली होती, लुकास कुठूनतरी रात्रभर गाडी चालवून.

सगळे पांगल्यावर डीटर आम्हाला घरी कॉफीला घेऊन गेला. स्वयंपाकघरात बसलो होतो. तो ईशाला म्हणाला, "मला एक विचारायचंय. काही शोधत असली की ती सबंध घरभर एक वाक्य म्हणत फिरायची. चष्मा, किल्ल्या, काहीही. मला वाटायचं, तुमच्यातली एखादी प्रार्थना असेल, म्हणून मी कधी मध्ये बोललो नाही." आणि त्याने डोळे मिटून, चाळीस वर्षं ऐकलेले सूर काळजीपूर्वक जुळवत, आपल्या जर्मन उच्चारांत म्हटलं, "मेलं कुठं तडमडलं कोण जाणे."

ईशाला हसू आवरेना, आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले. ती म्हणाली, "हेर केस्लर, ही प्रार्थना नाही. त्या चष्म्याला शिव्या देत होत्या."

डीटरने टेबलावरचा कप जवळ ओढला.

"हो?" तो म्हणाला. "पण मग तो सापडायचा."